बुलेट ३५०: इंजिन फ्रेममध्ये चढले, पण बेंड पाइप आणि सायलेंसर जुळत नाहीत

चोपडा_स्टँडर्ड (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

माझ्या वडिलांनी १९८४ साली घेतलेली स्टँडर्ड बुलेट ३५० बरीच वर्षे चोपड्याजवळच्या आमच्या खळ्यात झाकून ठेवलेली होती. ती पूर्ण उघडून, शक्य तितकी मूळ रूपात पुन्हा उभी करण्याचे काम मी सध्या करत आहे. फ्रेम, स्विंग आर्म आणि स्टँड यांना पावडर कोटिंग करून आणले आहे. ब्लॉक (सिलिंडर) बोअर करून पहिल्या ओव्हरसाइजचा, म्हणजे मूळ मापापेक्षा एक पायरी मोठा पिस्टन बसवला आहे, क्रँकचे बिग एंड (कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग) नवे टाकून घेतले आहे आणि हेडमधले (सिलिंडरवरच्या झाकणातले) व्हॉल्व्ह घासून बसवले आहेत. ही लेथवरची कामे जळगावच्या औद्योगिक वसाहतीत करून घेतली आणि ती समाधानकारक झाली आहेत.

इंजिन आणि गिअरबॉक्स मी टेबलावरच एकमेकांना जोडले आणि विहिरीतली मोटार ओढण्यासाठी आमच्याकडे जी चेन पुली आहे, तिच्या आधाराने दोन्ही एकत्र उचलून फ्रेममध्ये घेतले. फ्रेमच्या नळ्यांभोवती बारदान गुंडाळले होते, त्यामुळे रंगाला कोठेही ओरखडा आलेला नाही. इंजिन फ्रेमला धरून ठेवणाऱ्या पुढच्या आणि मागच्या फाउंडेशन प्लेटचे सर्व बोल्ट आत गेले आहेत. मागचे दोन बोल्ट मात्र हातोडीने हलके ठोकावे लागले. इंजिनाला वरून फ्रेमशी जोडणारी हेडची पट्टीही बसली आहे.

अडचण यापुढची आहे. नवा बेंड पाइप (इंजिनातून धूर बाहेर नेणारी वाकडी नळी) हेडमध्ये घातला आणि त्याला सायलेंसर जोडला, तर सायलेंसरच्या कानाचे (फ्रेमला जोडणाऱ्या पट्टीचे) छिद्र आणि फ्रेमवरचे छिद्र यांच्यात बोटभर अंतर राहते. सायलेंसर बाहेरच्या बाजूला जातो आणि थोडा खालीही राहतो. सायलेंसर हाताने जोर लावून आत ओढला तर बोल्ट जातो, पण त्याच वेळी बेंड पाइपचे तोंड हेडमध्ये एका बाजूने उघडे पडल्यासारखे दिसते. गावातल्या मिस्त्रींचे म्हणणे असे की बोल्ट घालून आवळून टाकावा, गाडी चालू लागली की सगळे आपोआप जागेवर बसते. मला हे पटत नाही, पण त्याचे कारण नीट सांगताही येत नाही.

इंजिन तिरके बसले आहे की पाइप चुकीचा आहे, हे कसे ओळखावे? फाउंडेशन बोल्ट, हेडची पट्टी आणि एक्झॉस्ट (बेंड पाइप व सायलेंसर) यांच्यापैकी आधी काय आवळावे आणि शेवटी काय? जुना बेंड पाइप गंजलेला आहे, पण तो मी टाकून दिलेला नाही. या गाडीवर वडिलांनी आम्हाला शाळेत नेले, कापसाच्या हंगामात जिनिंगला शेकडो फेऱ्या केल्या. त्यामुळे घाईने आवळून काम संपवण्यापेक्षा वेळ लागला तरी चालेल, अशी माझी भूमिका आहे.

---

भुसावळ_लोकोफिटर

दादा, जुना पाइप तुम्ही जपून ठेवला, हे फार उत्तम झाले, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तोच देईल. माझे सारे आयुष्य रेल्वेच्या शेडमध्ये फिटर म्हणून गेले आणि बुलेट तर घरात कायमच राहिली. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचा संशय बरोबर आहे. ताणून बसवलेला सायलेंसर जागेवर बसत नाही. तो आपला ताण हेडच्या तोंडावर, मधल्या पट्टीवर आणि मागच्या कानावर सतत टाकत राहतो. थरथरणाऱ्या एकसिलिंडर इंजिनावर असा ताण पडला की या तिघांपैकी जे सर्वांत कमजोर असेल ते आधी तुटते, आणि बहुतेक वेळा तो सायलेंसरचा कान असतो. मग लोक कानाला वेल्डिंग करतात, ते पुन्हा तुटते, आणि मूळ दोष कोणी पाहतच नाही.

आधी या गाडीच्या रचनेची एक गोष्ट ध्यानात घ्या. तुमच्या बुलेटच्या फ्रेमला इंजिनाखालून जाणारा पाळणा नाही. पुढची खाली येणारी नळी इंजिनाच्या पुढ्यात संपते आणि तेथून मागच्या भागापर्यंत फ्रेमचे काम इंजिनाचे चेंबर (क्रँकभोवतीचा डबा) आणि गिअरबॉक्स मिळून करतात. म्हणजे इंजिन हे फ्रेममध्ये ठेवलेले ओझे नव्हे, ते फ्रेमचाच एक तुकडा आहे. ते एखाद-दीड मिलिमीटर तिरके बसले तर त्याचा परिणाम केवळ सायलेंसरवर होत नाही, मागच्या चेनच्या रेषेवरही होतो. म्हणून एक्झॉस्टचा विचार इंजिन जागेवर पक्के बसल्यानंतरच करायचा असतो.

आता शोध कसा घ्यायचा ते सांगतो. नवा पाइप आणि सायलेंसर उतरवून ठेवा. जुना बेंड पाइप हेडमध्ये घाला, त्याला सायलेंसर सैल जोडा आणि कोठेही बोल्ट न आवळता मागचे छिद्र पाहा. जुना पाइप या गाडीवर इतकी वर्षे चालला आहे, त्यामुळे त्याचा आकार हेच आपले माप. जुन्या पाइपाने छिद्र जुळले तर इंजिन योग्य बसले आहे आणि नव्या पाइपाचा बाक चुकीचा आहे. जुन्यानेही तेवढेच अंतर राहिले तर दोष इंजिनाच्या बैठकीत किंवा फ्रेमच्या कानात आहे. अंतर कमी झाले पण पूर्ण गेले नाही, तर दोन्हीकडे थोडा थोडा दोष आहे. माझा अंदाज या तिसऱ्या शक्यतेचा आहे, आणि तो तुम्ही लिहिलेल्या एका वाक्यावरून आहे: मागचे दोन बोल्ट ठोकावे लागले.

पावडर कोटिंग करणारे बहुतेक वेळा बोल्टची छिद्रे आणि फाउंडेशन प्लेट जेथे टेकतात ते पृष्ठभाग झाकत नाहीत. कोटिंगचा थर साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका असतो आणि छिद्राच्या कडेला तो याहून जाड साचतो. एवढ्याशा थराने काय होणार, असे वाटेल. पण प्लेटच्या एका बाजूला थर जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल, त्यात बोल्ट ठोकून घातल्यामुळे प्लेट छिद्रात एका कडेला दाबली गेली असेल, तर इंजिन किंचित वळते. हा किंचित कोन जवळजवळ मीटरभर मागे असलेल्या सायलेंसरच्या कानापर्यंत पोहोचेतो तीन-चार मिलिमीटर होतो. बोटभर अंतर मात्र केवळ रंगामुळे पडणार नाही, म्हणून नव्या पाइपावरही माझा संशय आहे.

इंजिन पुन्हा खाली उतरवण्याची गरज नाही. चेन पुलीवर इंजिनाचा भार घ्या आणि चेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवा. मग एका वेळी एक प्लेट काढून तिच्या आतल्या बाजूचा आणि फ्रेमच्या टेकण्याच्या जागेचा रंग पातळ कानशीने आणि पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत साफ करा. छिद्रेही गोल कानशीने साफ करा, मात्र ती मोठी होणार नाहीत याची काळजी घ्या. बोल्ट बोटाने ढकलून जाईल पण खुळखुळणार नाही, इतकेच हवे. उघड्या धातूवर ग्रीसचा पातळ हात फिरवा म्हणजे गंज धरणार नाही. त्याचा दुसराही उपयोग आहे. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही, त्यामुळे अशा गाड्यांवर पुढे लाइट मंद होणे, हॉर्न अडखळणे, स्पार्क कमजोर पडणे अशा तक्रारी येतात. मी तर इंजिनाच्या एका बोल्टपासून बॅटरीपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर देतो आणि तुम्हीही ती द्यावी.

बोल्टच्या बाबतीत एक सूचना आवर्जून करतो. ही रचना मुळात इंग्लंडमधल्या रेडिचची आहे आणि १९५५ सालापासून मद्रासला गाडी बनू लागली तरी तिचे बरेचसे आटे इंची मापाचेच राहिले. हार्डवेअरच्या दुकानात जवळच्या मापाचा मिलिमीटरचा बोल्ट मिळतो, तो दोन-तीन आटे आत जातो आणि मग अडकतो. तेथे पाना लावून जोर केला की चेंबरच्या अ‍ॅल्युमिनियममधले आटे जातात. जुने बोल्ट सरळ असतील आणि आटे शाबूत असतील तर तेच साफ करून वापरा. एखादा बदलायचाच झाला तर जुना नमुना सोबत नेऊन बुलेटचे सुटे भाग विकणाऱ्याकडूनच घ्या.

आता आवळण्याचा क्रम. सर्व फाउंडेशन बोल्ट आधी हाताने बसतील इतकेच घ्या. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे मागचे चार स्टड टेबलावर पूर्ण आवळलेले आहेत ना, याची खात्री करा, कारण तेथे सैलपणा राहिला तर पुढचे सगळे मोजमाप व्यर्थ आहे. मग मागच्या प्लेटचे बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळत न्या आणि त्यानंतर पुढच्या प्लेटचे. प्रत्येक बोल्ट आवळण्याआधी तो बोटाने फिरतो का ते पाहा. फिरत नसेल तर कोठेतरी ताण आहे आणि तो शोधल्याशिवाय पुढे जायचे नाही. मागचे चाक घालून दोन्ही चेनचक्रांच्या तोंडावर सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा धरून रेषा पाहा. हेडची पट्टी सर्वांत शेवटी. ती आणि फ्रेम यांच्यात फट राहिली तर त्या फटीच्या जाडीचा वॉशर घाला; बोल्टने ओढून फट बुजवू नका, कारण तसे केले तर हेडलाच कायमचा ओढ बसतो.

यानंतर बेंड पाइप. तुमच्या मॉडेलमध्ये तो हेडच्या तोंडात नुसता दाबून बसतो, तेथे आटे नाहीत की फ्लँज नाही, म्हणून त्याची बैठक डोळ्यांनी आणि हातांनीच तपासावी लागते. हेडच्या तोंडातला जुना कार्बन खरवडून गोल कडा पूर्ण स्वच्छ करा. पाइपाच्या टोकाला दिव्याची काजळी तेलात कालवून अगदी पातळ लावा, पाइप सरळ आत ढकला, अर्धा अंगठा रुंदीइतका इकडे-तिकडे फिरवा आणि बाहेर काढा. जेथे धातूला धातू लागतो तेथे काजळी पुसली जाते आणि चकचकीत पट्टा दिसतो. हा पट्टा सगळीकडून सारखा असेल तर पाइप सरळ बसतो आहे. फक्त वरच्या किंवा फक्त खालच्या अर्ध्या भागावर पट्टा दिसला तर पाइप तोंडात तिरका आहे आणि उरलेल्या अर्ध्या भागातून धूर गळणार. सायलेंसर ओढून धरल्यावर तोंड एका बाजूने उघडे पडते असे तुम्ही लिहिले आहे. तो दोष या काजळीत तुम्हाला स्पष्ट दिसेल. ही परीक्षा सायलेंसर न लावता एकदा आणि सायलेंसर जागेवर बोल्ट करून एकदा, अशी दोनदा करा. दोन्ही वेळा पट्टा सारखा आला तर समजा की ताण नाही.

पाइप तोंडात सैल वाटला तर तांब्याचा पातळ पत्रा कापून त्याची एकच वेटोळी पट्टी टोकावर बसवतात. तिची दोन टोके एकमेकांवर चढू देऊ नका, नाहीतर तेथेच फट पडते. घट्ट वाटला तर रबरी हातोडीने, मध्ये लाकडाचा तुकडा धरून ठोका आणि ठोका बाकाच्या बाहेरच्या बाजूवर न देता तोंडाच्या सरळ रेषेत द्या. पाइप पूर्ण आत गेल्यावर त्याची मधली पट्टी, मग सायलेंसरचा क्लॅम्प आणि शेवटी मागचा कान, असे पुढून मागे आवळत जायचे. मागून पुढे आवळले की सगळा फरक हेडच्या तोंडाशी जमा होतो, आणि तुमच्या मिस्त्रींच्या सल्ल्यात नेमकी हीच चूक आहे.

---

पारोळा_रोड_धुळे

काकांनी बैठकीबद्दल इतके नेमके लिहिले आहे की त्यात मी भर घालण्यासारखे काही नाही. पण प्रश्नात पहिल्यांदा चालू करण्याचा उल्लेख नाही आणि एक्झॉस्टशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून तेवढे लिहितो.

नव्याने बांधलेले इंजिन पहिल्या किकला चालू होऊ देऊ नये. या इंजिनात तेलाची टाकी चेंबरच्याच आत आहे आणि त्यात सुमारे सव्वादोन लिटर तेल बसते, २०डब्ल्यू-५० घ्यावे. पण टाकी भरली म्हणजे तेल सगळीकडे पोहोचले असे होत नाही. तेल पोहोचवणारा पंप आणि तेल परत आणणारा पंप दोन्ही कोरडे असतात, फिल्टरचा कप्पा रिकामा असतो. तो कप्पा आधी तेलाने भरून घ्यावा. मग स्पार्क प्लग काढून ठेवावा, रॉकरकडे (हेडमधले व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांकडे) जाणाऱ्या तेलाच्या पाइपाचा वरचा बोल्ट थोडा सैल करावा आणि तेथून तेल झिरपेपर्यंत शांतपणे किक मारत राहावे. वेळ लागतो, पाय दुखतो, पण नवे बिग एंड आणि नवा पिस्टन कोरडे फिरण्यापेक्षा ते बरे. प्रायमरीच्या (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या) डाव्या डब्यात वेगळे तेल लागते, सुमारे ४२० मिलि, हे विसरू नये.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत सर्वांत वर आणून बघावेत. पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. पॉइंटचे (स्पार्कसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचे) अंतर ०.३५ ते ०.४० मिमी आणि प्लगचे सुमारे अर्धा मिलिमीटर. टायमिंगसाठी (स्पार्क पडण्याच्या क्षणासाठी) ऑटो अ‍ॅडव्हान्सची (वेगानुसार स्पार्क आधी आणणारी) वजने पूर्ण मिटलेली असताना, पिस्टन वर पोहोचण्याच्या ०.८ मिमी आधी पॉइंट उघडू लागले पाहिजेत. प्लगच्या छिद्रातून सायकलची सरळ तार आत टेकवून त्यावर खूण करून हे माप घेता येते. पॉइंट उघडल्याचा क्षण पकडण्यासाठी त्यांच्यामध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरून तो सुटतो कधी ते पाहावे, किंवा बल्ब लावावा.

एक्झॉस्टशी संबंध असा. टायमिंग मागे राहिले तर पेट्रोल-हवेचे मिश्रण उशिरापर्यंत जळत राहते आणि जळता वायू बेंड पाइपात जातो. मिकार्ब व्हीएम २४ कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधले पॅकिंग नीट नसेल तर तेथून जादा हवा शिरते, मिश्रण पातळ होते आणि तापमान वाढते. दोन्हीचा परिणाम एकच: नवा कोरा क्रोम पहिल्या तासाभरात हेडजवळ आधी पिवळा आणि मग निळा पडतो. लोक तेव्हा क्रोमवाल्याला दोष देतात. थोडी पिवळसर झाक प्रत्येक एकेरी पत्र्याच्या पाइपावर येतेच, पण गडद निळा रंग हे टायमिंग किंवा हवेच्या गळतीचे लक्षण आहे. म्हणून पहिल्या चाचणीसाठी जुना गंजका पाइपच लावा, टायमिंग आणि कार्ब्युरेटर जुळवा, प्लगचा रंग फिकट तपकिरी आला की मगच चांगला पाइप चढवा. जुना पाइप जपून ठेवल्याचा हा दुसरा फायदा.

चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांत बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या आणि हेडचे नट व टॅपेट पुन्हा तपासा. उभ्या गाडीवर इंजिन बराच वेळ चालू ठेवू नका. हे इंजिन वाऱ्याने थंड होते आणि आपल्याकडच्या मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा रिंगा बसण्याआधीच पिस्टन सिलिंडरमध्ये धरण्याचा (अडकण्याचा) धोका असतो. शक्य असेल तर पहिली धाव पहाटे काढा. तुम्ही चोपड्याचे आहात, म्हणजे यावल, फैजपूर, सावदा, रावेर हा केळीच्या बागांमधून जाणारा सपाट रस्ता तुमच्या दारात आहे. पहिले ५०० किलोमीटर ताशी पन्नासच्या आत, एकाच वेगावर न रेंगाळता, दर थोड्या वेळाने गती कमी-जास्त करत चालवा आणि मग तेल बदला. कन्नडच्या घाटाची घाई नको.

---

चोपडा_स्टँडर्ड

काका आणि दादा, दोघांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे काम केले, त्याचा वृत्तांत देतो.

जुना पाइप आणि सायलेंसर सैल लावल्यावर मागचे अंतर बोटभरावरून निम्म्याहून कमी झाले, म्हणजे काकांचा तिसरा अंदाज खरा ठरला. मागच्या डाव्या प्लेटखाली फ्रेमच्या टेकण्याच्या जागेवर कोटिंगचा चांगला गठ्ठा साचलेला होता आणि एका छिद्राच्या कडेला रंगाचा ओघळ घट्ट होऊन बसला होता. सर्व जागा धातूपर्यंत साफ केल्या. त्यानंतर मागचे दोन्ही बोल्ट बोटाने आत गेले, ठोकण्याची वेळच आली नाही. सांगितलेल्या क्रमाने आवळल्यावर जुना पाइप लावून पाहिला, तर सायलेंसरचे छिद्र फ्रेमच्या छिद्रासमोर आले आणि बोल्ट आपोआप सरकला. मागच्या चेनची रेषाही सरळ आहे. हेडच्या पट्टीखाली मात्र फट राहिली, तेथे एक पातळ वॉशर घातला आहे.

काजळीची परीक्षा दोन्ही पाइपांवर केली. जुन्यावर पूर्ण गोल पट्टा आला, खालच्या बाजूस थोडा फिका, पण अखंड. नव्यावर फक्त वरच्या बाजूला नखाएवढा चकचकीत डाग आला आणि बाकी सगळी काजळी जशीच्या तशी राहिली. दोन्ही पाइप जमिनीवर शेजारी ठेवले तेव्हा बाकाचा फरक नुसत्या डोळ्यांनाही दिसला.

आता नवा पाइप तापवून वाकवून घ्यावा, की जुन्यालाच क्रोम करून घ्यावे? जुन्याचा पत्रा कोठेही फुटलेला नाही, फक्त वरून गंज आहे. दुसरे असे की एका मित्राने आग्रहाने इंदोरी (आतली जाळी नसलेला, मोठ्या आवाजाचा) सायलेंसर लावण्यास सुचवले आहे. त्याच्या मते आवाज भारदस्त येतो आणि गाडीही हलकी पळते.

---

शहादा_जुनी_गाडी

क्रोम केलेला पाइप तापवून वाकवू नका. क्रोमचा थर ताण सहन करत नाही, बाकाच्या बाहेरच्या बाजूला त्याला बारीक तडे जातात आणि पहिल्या पावसाळ्यात तेथूनच गंज सुटतो. शिवाय आत वाळू न भरता वाकवला तर नळी चपटी होते. नवा पाइप दुकानदाराला परत करा आणि जुन्यालाच क्रोम करून घ्या. त्याने आपले माप सिद्ध केले आहे.

क्रोमला देण्याआधी पाइप सर्व बाजूंनी बोटाने वाजवून आणि आत बॅटरीचा उजेड टाकून पाहा. उजेडाचा एखादा ठिपका जरी बाहेर दिसला तरी तेथे आधी झाळून घ्यावे लागेल. क्रोम म्हणून जे आपण पाहतो त्याचा थर अतिशय पातळ असतो, त्याच्याखालचे निकेल हे खरे गंजरोधक. घाईत काम करणारे निकेलवर वाचवतात, म्हणून दर ठरवताना निकेलबद्दल स्पष्ट बोलून घ्या. हेडमध्ये जाणारे टोक मात्र थराविना ठेवण्यास सांगा, कारण त्या टोकाची बैठक आत्ता बरोबर आहे आणि थर चढला तर ते तोंडात जाणारच नाही. जाड कापडी चिकटपट्टी किंवा मेण लावून ते झाकून घेतात.

आता सायलेंसरबद्दल, आणि येथे मी थोडे आग्रहाने लिहितो. वडिलांची गाडी मूळ रूपात उभी करायची असेल तर आवाजही मूळच हवा. ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोकचे हे ३४६ सीसीचे लांब फेरीचे इंजिन आहे. त्याचा संथ ठोका मूळ सायलेंसरमधूनच नीट ऐकू येतो. आतली जाळी काढलेल्या सायलेंसरमुळे आवाज वाढतो, ताकद वाढत नाही. उलट एक्झॉस्ट मोकळा झाला की कार्ब्युरेटरचे मिश्रण पातळ पडते आणि मग जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) बदलत बसावे लागते. गती सोडल्यावर फटाके फुटण्याचे कारणही बहुतेक वेळा हेच, किंवा हेडच्या तोंडाशी असलेली गळती.

कायद्याचाही प्रश्न आहे. आवाजाचे मानक मोडणाऱ्या वाहनावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली कारवाई होते आणि पोलीस असे सायलेंसर जप्तही करतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुमची गाडी १९८४ ची, तिची नोंदणी एमएच मालिका सुरू होण्याच्या आधीची असणार. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि त्या वेळी गाडी तपासणीला उभी करावी लागते. इंजिन आणि चेसिस क्रमांक वाचता येतील असे आहेत ना, हेही आत्ताच पाहून घ्या, कारण कोटिंगखाली चेसिस क्रमांक बुजलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. काहींना ५० वर्षांपुढील गाड्यांसाठी २०२१ साली आलेल्या व्हिंटेज नोंदणीचा मोह होतो. तुमच्या गाडीला ती लागू होण्यास २०३४ उजाडेल, आणि त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. तुम्हाला ती शेतावर आणि गावात चालवायची असेल, तर नेहमीची नोंदणी चालू ठेवणेच योग्य.

---

भुसावळ_लोकोफिटर

दादा, काम फार चांगले केलेत. शहाद्याच्या भाऊंनी क्रोमबद्दल सांगितले ते सगळे तसेच करा. मी त्यात एवढेच जोडतो की क्रोमला देण्यापूर्वी जुन्या पाइपावरच गाडी चालू करून टायमिंग जुळवून घ्या, म्हणजे धुळ्याच्या दादांचा सल्लाही पाळला जाईल.

चालू केल्यावर गळती तपासण्याची वेळ म्हणजे पहिला अर्धा मिनिट, पाइप तापण्याच्या आधी. साबणाचे पाणी तोंडाभोवती ब्रशने लावा आणि कोणाला तरी सायलेंसरच्या मागच्या टोकावर जाड ओले फडके क्षणभर धरायला सांगा. फट असेल तेथे बुडबुडे येतील. हे थंड पाइपावरच करायचे. तापलेल्या हेडवर पाणी अजिबात टाकू नका. दोन-चार दिवस गाडी चालवल्यावर तोंडाभोवती काळी रेघ उमटली तरी तो गळतीचाच पुरावा समजा. तुमच्या जुन्या पाइपाचा पट्टा खालच्या बाजूस फिका आला असे लिहिले आहे, म्हणून तेथे विशेष लक्ष ठेवा. रेघ उमटलीच तर तांब्याची पट्टी घाला.

पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर गाडी थंड असताना सगळे फाउंडेशन बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा. उरलेला रंग दबतो आणि बोल्ट किंचित सैल होतात. त्या वेळी आधी मागचा कान आणि क्लॅम्प सैल करा, फाउंडेशन आवळा आणि मग एक्झॉस्ट पुन्हा पुढून मागे आवळत या. नुसते फाउंडेशन आवळले तर इंजिन सरकेल तेवढा ताण परत पाइपावर येईल.